बँकेच्या नोंदीत चूक झाली तर? पासबुक, आधार जोडणी ते 'सिबिल': दुरुस्ती कुठे आणि कशी करून घ्यायची

पेरणीच्या तोंडावर पीक कर्जासाठी बँकेत जावं आणि साहेबांनी संगणकात बघून सांगावं, ''तुमचं सिबिल खराब आहे, आधीचं कर्ज थकलंय.'' ज्यानं आयुष्यात त्या बँकेची पायरी चढलेली नाही, त्याच्या नावावर थकबाकी. दुसरीकडे शेजारणीच्या खात्यावर अनुदानाचा हप्ता आला, आपल्या खात्यावर नाही. चौकशी केली तर पैसे 'जमा झालेत' असं उत्तर मिळतं, पण कुठल्या खात्यात ते कुणी सांगत नाही. तिसऱ्याचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, तरी सातबाऱ्यावरचा बोजा तसाच आहे.

या तिन्ही तक्रारी वरवर वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे: बँकेकडच्या नोंदीत चूक. ती दुरुस्त होते. मात्र बहुतेक खातेदार महिनोन् महिने तोंडी विचारपूस करत हेलपाटे मारतात, आणि तोंडी विचारपुशीची बँकेत कुठेच नोंद राहत नाही.

आधी चूक नेमकी कुठे आहे ते शोधा

'बँकेनं घोळ घातलाय' एवढं सांगून काम होत नाही. चूक नावात आहे, जन्मतारखेत आहे, मोबाईल नंबरात आहे, आधार जोडणीत आहे, एखाद्या व्यवहाराच्या नोंदीत आहे की कर्जखात्यात आहे, हे कळायला हवं, कारण प्रत्येकाची दुरुस्ती वेगळ्या टेबलावर होते.

पासबुक भरून घेणं ही पहिली पायरी. मशीन बंद असेल, पासबुक संपलं असेल तर काउंटरवरून ज्या काळात गडबड दिसते त्या काळाचा खातेउतारा मागावा. उताऱ्यात प्रत्येक रकमेसमोर काही आद्याक्षरं छापलेली असतात. ती कशाची आहेत हे विचारायचा खातेदाराला पूर्ण हक्क आहे. अनेकदा 'चोरीला गेले' वाटणारे पैसे विम्याच्या हप्त्याचे, एसएमएस शुल्काचे किंवा एटीएम कार्डाच्या वार्षिक शुल्काचे निघतात. ते कापायला संमती होती का, हा पुढचा प्रश्न.

एक फरक मात्र लगेच करायला हवा. पैसे कुणीतरी फसवून काढले असतील, ओटीपी विचारून किंवा लिंक पाठवून, तर ती नोंदीतली चूक नव्हे, फसवणूक आहे, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेला कळवून खातं किंवा कार्ड बंद करायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थ ठिकाणच्या गळतीमुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदारावर भुर्दंड येत नाही. उशीर होईल तशी त्याची जबाबदारी वाढते. बँकेच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर खातेदारानं कळवलेलं असो वा नसो, जबाबदारी बँकेची.

अर्ज लेखीच, आणि पोहोच घेऊनच

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं. साध्या कोऱ्या कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहावा. भाषा मराठीच असली तरी चालते. विषयात चूक एका ओळीत लिहावी: 'बचत खात्यातील जन्मतारखेची चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत' किंवा 'दि. अमुक रोजी संमतीशिवाय कपात झालेली रक्कम परत मिळण्याबाबत'. खाली खाते क्रमांक, नोंद सध्या काय आहे, ती काय असायला हवी, त्याला पुरावा काय, आणि या चुकीमुळे काय अडलं आहे. शेवटी मोबाईल नंबर, सही. रागाचे शब्द, आधीच्या साहेबांच्या तक्रारी, गावकीचं राजकारण यातलं काही लिहू नये; वाचणारा मूळ मुद्दा सोडून तेच धरून बसतो.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक बँकेला द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. काही शाखांत 'पोहोच देत नाही' असं सांगतात. अशा वेळी वाद न घालता तोच अर्ज पोस्टानं, नोंद होईल अशा पद्धतीनं पाठवावा आणि पावती जपून ठेवावी, किंवा बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. तो नंबर पासबुक, छापील कार्ड किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यायचा. मोबाईलवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावणाऱ्या कित्येकांना बँकेऐवजी भामटेच भेटले आहेत.

मूळ कागद बँकेत सोडू नयेत. झेरॉक्सवर सही करून ती द्यावी, मूळ फक्त दाखवावं.

हप्ता दुसऱ्याच खात्यात: आधार जोडणीचा घोळ

पीएम किसान, लाडकी बहीण, शिष्यवृत्ती, पीक नुकसानीची मदत अशा बऱ्याच योजनांचे पैसे खाते क्रमांक बघून नव्हे, तर आधार क्रमांक बघून येतात. एका माणसाची चार बँकांत खाती असली तरी थेट लाभासाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं असतं, आणि पैसे तिथेच जातात. ही जोडणी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यादीत असते. फॉर्मवर कुठला खाते क्रमांक लिहिला याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. 'फॉर्म तर बरोबर भरला होता' म्हणणाऱ्या महिलांची अडचण बहुतेक वेळा इथेच असते: कधीतरी मेळाव्यात काढलेलं, विसरलेलं खातं अजून जोडलेलं असतं.

जोडणी कुठल्या बँकेशी आहे हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये दिसतं. स्मार्टफोन नसेल तर *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाकूनही कळतं. गावातल्या आपले सरकार केंद्रातही बघता येतं. जुनं खातं आपलंच असेल तर पैसे तिथे सुरक्षित असतात. खातं चालू करून घेतलं की मिळतात. पुढचे हप्ते नव्या खात्यात हवे असतील तर नव्या बँकेत आधार जोडणीचा संमती अर्ज द्यायचा. बँकेत फक्त 'केवायसी'साठी आधार दिलं म्हणजे थेट लाभासाठी जोडणी झाली असं नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो.

खरी चूक वेगळी. आपलं आधार दुसऱ्याच माणसाच्या खात्याला जोडलेलं असतं. आकडा टाकताना एखादा अंक चुकतो किंवा घाईत दोन अर्जांची अदलाबदल होते, आणि एकीचे हप्ते दुसरीला जातात. अशा वेळी ज्या बँकेत चुकीची जोडणी आहे तिथेच लेखी तक्रार द्यायची, त्या खात्यातून आपला आधार काढून टाकायची मागणी करायची, आणि कुठल्या तारखांना किती रक्कम गेली याची यादी मागायची. त्याची प्रत योजनेच्या कार्यालयाला, म्हणजे कृषी, महिला व बालविकास किंवा तहसील, जे लागू असेल तिथे द्यायची. समोरचा ओळखीचा असला तरी 'आपसात देऊन टाकतो' यावर थांबू नये. जोडणी तशीच राहिली की पुढचा हप्ता पुन्हा तिकडेच.

दोन वर्षांत खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. पण एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार शिष्यवृत्ती आणि सरकारी अनुदानासाठी उघडलेली खाती व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय धरता येत नाहीत, आणि निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला शुल्कही घेता येत नाही. 'चालू करायचे पाचशे लागतील' असं कुणी म्हणालं तर पावती मागावी.

दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. 'सिबिल' हा शब्द आता गावात रुळलाय, पण तशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्या स्वतःहून कुणाच्या नावावर कर्ज टाकत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या माहिती पाठवतात, आणि नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाईल जुळवून ती एकेका माणसाच्या खात्यावर चढते.

जुळवाजुळव चुकायला ग्रामीण महाराष्ट्रात भरपूर वाव आहे. एकाच गावात, एकाच भावकीत, तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव असलेली दोन माणसं सहज सापडतात. पत्ता म्हणाल तर 'मु. पो. अमुक' एवढाच. त्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख अर्ध्या गावाची. 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत कुणी 'डी'नं सुरू करतो, कुणी 'जी'नं, कुणी 'जे'नं. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन स्पेलिंगं. पॅन दिलेलं नसेल तर संगणकाला ओळख पटवायला हाती काही राहत नाही, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसते.

अशा वेळी शाखेत भांडून उपयोग नाही, कारण समोरची शाखा फक्त अहवाल वाचते. चूक तिनं केलेली नसते. आधी स्वतःचा अहवाल काढायचा. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, म्हणजे चार कंपन्यांचे चार. त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. 'सिबिल वाढवून देतो', 'थकबाकी पुसून देतो' अशा जाहिराती तालुक्याच्या ठिकाणी खांबाखांबावर दिसतात. खरी थकबाकी कुणी पुसू शकत नाही आणि खोटी पुसायला पैसे लागत नाहीत.

अहवालात प्रत्येक कर्जासमोर बँकेचं नाव, कर्जाचा प्रकार, तारीख आणि थकबाकी असते. आपलं नसलेलं कर्ज सापडलं की दोन ठिकाणी तक्रार करायची: त्या कंपनीकडे आणि ज्या बँकेनं किंवा फायनान्सनं ती माहिती पाठवली तिच्याकडे. तक्रारीत स्पष्ट लिहावं की हे कर्ज आपण घेतलेलं नाही, कर्जाच्या अर्जावरची सही, फोटो आणि ओळखपत्र दाखवावं. ही मागणी कामाची आहे. नावाचा नुसता घोळ असेल तर फोटो बघताच निकाल लागतो; कुणी आपली कागदपत्रं वापरून कर्ज उचललं असेल तर तेही तिथेच उघड होतं, आणि मग पोलीस तक्रार करावी लागते.

मुदत ३० दिवसांची आहे. त्यातले २१ दिवस बँकेला, उरलेले माहिती कंपनीला. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मागणी फेटाळली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. म्हणजे पेरणीसाठी कर्ज हवं असेल तर अहवाल मे महिन्यात नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून बघितलेला बरा.

दोन गोष्टी चूक वाटतात पण चूक नसतात. जामीनदार राहिलेलं कर्ज आपल्या अहवालात दिसतं. मित्रानं हप्ते थकवले तर डाग आपल्यालाही लागतो. आणि तडजोडीत, म्हणजे काही रक्कम माफ करून मिटवलेलं कर्ज 'पूर्ण फेडलं' असं न दिसता तडजोड म्हणूनच दिसतं. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची थकबाकी शासनानं भरली. अशा खातेदारानं खातं शून्य झाल्याचा दाखला बँकेकडून घेऊन अहवालात थकबाकी शून्य दिसते का, एवढं तरी तपासावं.

कर्ज फिटलं, बोजा उतरत नाही

शेवटचा हप्ता भरला की पावती घेऊन घरी येणं पुरेसं नाही. बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणं बाकी नसल्याचं पत्र, बँकेकडून त्याच आठवड्यात घ्यावं. ते तलाठ्याकडे, आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, दिलं की फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी होतो. ई-हक्क प्रणालीतूनही हा अर्ज करता येतो. बोजा बघूनच दुसरी बँक कर्ज नाकारते आणि खरेदीखताच्या वेळीही तोच आडवा येतो.

घर-जमिनीचे मूळ कागद बँकेकडे तारण असतील तर कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत करून नोंदवलेला बोजा काढून देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ नंतर परत करायच्या कागदांना लागू आहे. कागद बँकेकडूनच हरवले असतील तर नक्कल मिळवायला मदत आणि खर्चही बँकेचा. त्यासाठी बँकेला ३० दिवस जादा मिळतात.

विकास सोसायटीच्या कर्जाचं जरा वेगळं. तिथली खतावणी गटसचिवाकडे असते आणि पावती वेळेवर चढवली जातेच असं नाही. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि वर्षाअखेरचा खातेउतारा जवळ नसेल तर नंतर भांडायला काही उरत नाही.

कापलेले पैसे

जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये दरवर्षी मे अखेरीस कापले जातात. अर्जावर सही केली नसेल तर बँकेकडे संमतीपत्राची प्रत मागावी; ती दाखवता आली नाही तर रक्कम परत मागता येते. पण विमा बंद करण्याआधी एकदा घरात विचार करावा, हे दोन्ही विमे स्वस्तच आहेत.

किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावताना बँकेला खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला तर किमान शिल्लकच नसते.

एटीएममधून नोट आली नाही पण पैसे कापले गेले, किंवा बँक मित्राकडे अंगठा दिला, 'फेल' म्हणाला आणि नंतर कपातीचा संदेश आला, तर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. त्यानंतर दिवसाला १०० रुपये. बँक मित्रानं 'पुन्हा अंगठा द्या' म्हटलं की आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागावी, 'फेल'ची असली तरी.

शाखा ऐकत नसेल तर

शाखेच्या वर बँकेचा तक्रार निवारण कक्ष आणि प्रधान नोडल अधिकारी असतो; त्याचं नाव-पत्ता शाखेत फलकावर लावलेलं असायला हवं. जिल्ह्याच्या ठिकाणी अग्रणी बँकेचे व्यवस्थापक बसतात. त्यांना दुसऱ्या बँकेला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण त्यांच्या एका फोनवर अडलेल्या फायली हलतात, हा अनुभव अनेक तालुक्यांत आहे. सरकारी बँक असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून स्वतःच्या अर्जावर काय कारवाई झाली हे विचारता येतं.

बँकेला तक्रार देऊन ३० दिवस उलटले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही योजना एकत्रित झाली आहे. तक्रार सीएमएस पोर्टलवर किंवा पोस्टानं चंडीगडच्या केंद्राकडे करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे आणि कुठलंही शुल्क नाही. वकील देता येत नाही, पण अधिकारपत्र देऊन मुलगा किंवा शिकलेला पुतण्या तक्रार चालवू शकतो. २०२१ च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी वेगळे एक लाखापर्यंत देण्याची तरतूद केली गेली. बँकेच्या उत्तरानंतर फार दिवस घालवू नयेत.

इथे तक्रारी फेटाळल्या जाण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे आधी बँकेला लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसतो. शिक्का मारलेली ती दुसरी प्रत इथे लागते. तोच विषय कोर्टात चालू असेल तरी लोकपाल हात घालत नाही.

सगळ्या संस्था यात येत नाहीत. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि ग्रामीण बँका येतात. नागरी सहकारी बँकांपैकी मोठ्या येतात. जिल्हा मध्यवर्ती बँका नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत. नावात 'अर्बन' किंवा 'क्रेडिट' आहे म्हणून ती बँक होत नाही. पतसंस्था आणि विकास सोसायटीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे आणि तिथे न भागल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. अनेक राज्यांत काम करणाऱ्या मल्टिस्टेट संस्था केंद्रीय निबंधकांकडे येतात.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, आणि माहितीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

चूक आपल्या फायद्याची असेल तर

दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात आले तर ते आपले होत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेली रक्कम परत करावी लागते, आणि माहीत असून वापरली तर फौजदारी गुन्हाही दाखल होऊ शकतो. २०२१ मध्ये पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात पंधरा लाखांच्या आसपास रक्कम आली. सरकारनंच दिली असं समजून त्यातले काही लाख घरासाठी खर्च झाले. नंतर कळलं की तो ग्रामपंचायतीचा विकास निधी होता, आणि बँकेनं परतफेडीची नोटीस काढली.

अशी रक्कम दिसली की हात न लावता शाखेला लेखी कळवावं. 'चुकून पैसे आलेत, या नंबरवर परत पाठवा' असा फोन अनोळखी माणसाचा आला तर स्वतः पाठवू नये, कारण फसवणुकीचा हाही एक प्रकार आहे. रक्कम उलटवायची ती बँकेनं, आणि उलटवल्याची नोंद पासबुकात छापून घ्यायची.